लिनक्सवर गेमिंग करायचंय? आधी हे बघ

अरे, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून चांगला चालणारा पीसी भंगारात घालू नको, लिनक्स टाक, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. २०१८ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्हने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणलं, तेव्हापासून स्टीमवरचे बरेच विंडोज गेम लिनक्सवरच चालतात. व्हॅलोरंट, फोर्टनाइटवाला असशील तर मात्र राहू दे, त्यांचं अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सला घेतच नाही, बाकीचे चालतात का ते प्रोटॉनडीबी या साइटवर बघून घे. आणि गेम जुन्या एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या) ड्राइव्हवर ठेवू नको हां, मी ठेवले नि प्ले दाबलं की दोन सेकंद स्टॉप दिसायचं, परत प्ले, अशा दोन रात्री गेल्या, शेवटी बॅकअप घेऊन ड्राइव्हचं फॉरमॅट लिनक्सचं ईएक्सटी४ केलं तेव्हा चालले. इन्स्टॉल करताना यूपीएस लाव, आमच्या फोंड्यात पावसात लाईटचा काय भरवसा!