पंगतीत शेजारी बसणारी पोरगी

ताई, पत्र वाचलं. मिस्टर चारचौघात नीट बोलत नाहीत, लग्नात तुमच्या दादाने काही विचारलं की नुसतं हो हो करतात, माहेरचे म्हणतात जावई माजला. घरी टीव्ही बंद असला की सगळं ऐकू येतं, जळगावला केलेल्या कानाच्या टेस्टचा रिपोर्ट पण नॉर्मल, म्हणजे मुद्दाम करतात असं तुमचं म्हणणं. आणि मधेच एक ओळ, की चौथीतल्या मुलीला पंगतीत शेजारून उठू देत नाहीत, फार लाड करतात.

मी त्या ओळीवरच अडकले. लाड नाहीत हो ते! ती पोरगी बापाला कोण काय बोललं ते सांगत बसलीये. बाकीची पोरं मांडवात पळतायत आणि हे लेकरू आपलं ताट सोडून मोठ्यांच्या गप्पांकडे कान लावून. तिला जे कळलं ते तुम्हाला दिसलं नाही, याचा मला राग आलाय.

अठरा वर्षं जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनच्या धडधडाटात काढलेला माणूस आहे, नॉर्मल रिपोर्टचं काय घेऊन बसलात? ती टेस्ट शांत खोलीत हेडफोन लावून होते, बारीक टूं टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. गोंगाटात बोलणं समजतं का हे त्यात बघतच नाहीत. बोलण्यातले अ, आ, ओ दणकट असतात, पण स, त, फ यांचा आवाज नाजूक, कलकलाटात तो आधी बुडतो, मग कोणीतरी बोलतंय हे कळतं पण सात म्हणाला का आठ का हात, पत्ता नाही. मोठ्या आवाजाने कानातल्या पेशी आणि नस यांच्यातले सांधे तुटतात आणि तरी शांततेतलं ऐकणं पूर्ववत होतं, हे २००९ साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलंय. माणूस दोनदा काय म्हणून विचारतो, तिसऱ्यांदा लाज वाटते, मग हो हो.

आता थंडीत शेतात भरीत पार्टी होईलच तुमच्याकडे. त्या दिवशी पोरीला खेळायला पाठवा आणि तिच्या जागेवर तुम्ही बसा. जरा तिरकं, तुमचं तोंड त्यांना दिसेल असं, ओठ दिसले की समजायला सोपं जातं. हो हो सुरू झालं की सांगा, दादा विचारतोय कापूस विकला का. ओरडू नका, सावकाश बोला. आणि कोणी जावई माजला म्हणालं तर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, तेही तुम्हीच.

मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जा, गोंगाटातलं बोलणं किती समजतं ते तपासा असं स्पष्ट सांगा. बरोबर तुम्ही जायचं, पोरीला न्यायचं नाही.