केमोनंतर पाळी बंद झाली, तर टॅमॉक्सिफेन सोडून लेट्रोझोल घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की बायको ४१ वर्षांची, स्तनाच्या कॅन्सरची गाठ ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनला प्रतिसाद देणारी), टॅमॉक्सिफेन चालू, केमोनंतर चार महिने पाळी नाही. नातेवाईक म्हणतात, लेट्रोझोल जास्त चांगली, बदलून घ्या. शिवाय हॉर्मोनच्या गोळीने कॅन्सर वाढेल ही धास्ती.

आधी धास्तीचं. टॅमॉक्सिफेन ही गोळी हॉर्मोनची नाही, हॉर्मोनच्या विरोधातली आहे. गाठीच्या पेशीत इस्ट्रोजेन जिथे चिकटतं, ती जागा ती अडवते. 'हॉर्मोन थेरपी' या नावाला घाबरून बायका गोळ्या डब्यात ठेवून देतात, याचा मला फार राग येतो.

आता लेट्रोझोल. ४१व्या वर्षी केमोने पाळी थांबली म्हणजे मेनोपॉज झाला, असं मुळीच नाही. अंडाशय बऱ्याचदा पुन्हा जागे होतात, कधी वर्षभरानेही. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम रोखते. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हॉर्मोन वाढवते आणि ते अंडाशयांना कामाला लावतं. मूल होत नसलेल्या बायकांना बीज तयार व्हावं म्हणून हीच २.५ मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस देतात! म्हणजे वहिनींना नुसती लेट्रोझोल दिली तर इस्ट्रोजेन उलट वाढू शकतं, आणि पाळी येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

एका एफएसएच रिपोर्टवर 'मेनोपॉज झाला' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. टॅमॉक्सिफेन चालू असताना तो आकडा फसवतो. साध्या लॅबची इस्ट्राडिओलची (इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकाराची) तपासणीही खालच्या पातळीला चुकते. ती मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीने करून घ्या.

लेट्रोझोलच हवी असेल तर आधी अंडाशय बंद करावे लागतात: गोसेरेलिनचं इंजेक्शन ३.६ मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली, दर २८ दिवसांनी. 'पुढच्या आठवड्यात घेऊ' चालत नाही. नाहीतर शस्त्रक्रियेने अंडाशय काढायचे. स्कॉटिश सर्जन जॉर्ज बीटसन यांनी ते १८९६ सालीच मांडलं होतं.

अर्थात कॅन्सर परतण्याचा धोका कमी असेल तर रोज २० मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन पुरते. ते ग्रेड आणि काखेतल्या गाठींवर ठरतं, म्हणून तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. टॅमॉक्सिफेनसोबत पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या नकोत, तिचा परिणाम घटू शकतो. पाळी नसली तरी गर्भ राहू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या नकोत, कॉपर-टी बसवा. आणि एकच पाय सुजला, दुखला किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.