आयटीत काम केल्याने रोजच्या सवयी आणि आयुष्यातले निर्णय खरंच बदलतात का?

तुम्ही विचारलंय की आयटीतल्या कामाने घरातल्या सवयी आणि मोठे निर्णय खरंच बदलतात, की लोक उगाच तसं म्हणतात. माझे तर बदललेत आणि बहुतेक सगळे एकाच प्रश्नामुळे, "हे बंद पडलं तर काय?" मी नाशिकला घरून काम करते, एका अमेरिकन क्लायंटचे सर्व्हर सांभाळते, म्हणजे दिवसभर हाच विचार करायचा पगार मिळतो, मग संध्याकाळी लॅपटॉप मिटला तरी तो विचार काही मिटत नाही.

घराचंच घ्या. आम्ही पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट बघत होतो तेव्हा एजंट बाल्कनी आणि किचन दाखवत होता आणि मी फोन हातात धरून प्रत्येक खोलीत रेंज बघत होते, मग खाली जाऊन इंटरनेटच्या वायरी बिल्डिंगमध्ये कुठून शिरतात तेही बघितलं. दोन कंपन्यांची कनेक्शन घेतली पण दोन्ही वायरी एकाच खांबावरून आल्या तर बिल दोघांचं आणि भरवसा एकाचाच, खांब पडला की दोन्ही बंद. सध्या तर कुंभमेळ्याच्या तयारीने शहरात ठिकठिकाणी खोदकाम चालूये, त्यामुळे हे बघून घर घेतलं याचं मला फार समाधान आहे. राउटरला छोटा यूपीएस पण लावलाय.

जेवणाची वेळ पण अमेरिकेच्या घड्याळावर ठरते आमच्याकडे. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास आमची जेवणं मीटिंगच्या आधी येतात आणि होळीच्या आसपास परत मीटिंगनंतर जातात. सासूबाईंना आता कॅलेंडर न बघता कळतं.

सगळ्यात जास्त बदल झाला तो नोटिफिकेशनच्या बाबतीत. आमच्या कामात सर्व्हर बिघडला की फोनवर सूचना येते, तिला अलर्ट म्हणतात, आणि त्याचा एक नियम आहे, जो अलर्ट आला की कोणी काही करत नाही तो अलर्ट काढून टाकायचा, नाहीतर लोक सगळ्याकडेच दुर्लक्ष करायला लागतात आणि खरा अलर्ट त्यात बुडून जातो. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. गोदावरीला पूर आला की आपण एवढंच विचारतो, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? पायाशी आहे की कमरेला लागलं की गळ्याशी आलं, त्यावरून सराफ बाजार, भांडी बाजारातले लोक माल हलवायचा की नाही ते ठरवतात, इंचाइंचाची बातमी कोणाला नको असते. मी फोन तसाच ठेवलाय. घरच्यांचे कॉल, ऑनकॉलचा (म्हणजे बिघाड झाला तर रात्री-अपरात्री उठायची पाळी माझी असते तेव्हाचा) अलर्ट आणि बँकेचे मेसेज एवढंच वाजतं, बाकी सोसायटीचा ग्रुप असो की शॉपिंगचं ॲप, सगळं म्यूट. मुलीचा अभ्यास घेताना डोकं जाग्यावर असतं ते यामुळेच.

अपडेटचं पण तसंच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, आठवत असेल. तो शुक्रवार होता. शुक्रवारी काही बदलायचं नाही हा आमच्याकडे जुनाच संकेत आहे, क्लायंट तर थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे त्यांच्या नोव्हेंबरअखेरच्या सणापासून, नवीन वर्षापर्यंत सगळे बदलच थांबवतो, त्याला फ्रीझ म्हणतात. आमच्या आप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, निफाडला द्राक्षबाग आहे, तर तोडणी चालू असेपर्यंत त्यांच्या फोनला फ्रीझ. अपडेट नाही, नवीन ॲप नाही, सिम बदलणं नाही. व्यापाऱ्याचा फोन त्याच दिवसांत लागला पाहिजे.

आप्पांच्याच फोनमध्ये व्हॉट्सॲपवर ई-चलन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येतात, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या फाइल. ती इन्स्टॉल करून मेसेजची परमिशन दिली की ओटीपी थेट चोराकडे. म्हणून मी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोन्हींची "अनोळखी ॲप इन्स्टॉल करा" ही परवानगी बंद करून ठेवलीये, यूपीआय वेगळ्या खात्याला जोडलंय ज्यात किराणा-औषधापुरतेच पैसे असतात, आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फ्रिजवर लिहून चिकटवलाय. पैसे येताना पिन लागत नाही, हे वाक्य तर आप्पा आता पारावर दुसऱ्यांना सांगतात, मला फार बरं वाटतं ते ऐकून.

फोटोंच्या तीन कॉपी, एक ऑनलाइन, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक निफाडच्या कपाटात. डिस्क नुसती ठेवून उपयोग नाही हं, मधून मधून लावून फोटो खरंच उघडतात का ते बघावं लागतं.

आता मोठा निर्णय म्हणजे पुण्याला न जाणं. पगार तिकडे जास्त, कंपन्या जास्त, शिकायला माणसं जास्त, हे सगळं खरंय आणि इथे एकटीने घरून काम करताना अडलं की शेजारच्या टेबलवर विचारायला कोणी नसतं हेही खरंय. पण रात्री दोनला अलर्ट आला तर मुलीजवळ आजी आहे, याची किंमत मला त्या फरकापेक्षा जास्त वाटते. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

तुम्ही या लाइनीत येणार असाल तर इंटरव्ह्यूमध्ये पगाराच्या आधी हे विचारा की ऑनकॉल किती जणांत फिरतो आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलेलं चालतं का. यावर गोलगोल उत्तर मिळालं तर मी तरी ती नोकरी घेणार नाही.