काम केलंस, पण कळवलंस का?

अरे, तुझा तो लांबलचक मेसेज परवाच वाचला, पण असल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगून होत नाहीत म्हणून हे नीट बसून लिहितेय. अप्रेझलला परत तेच रेटिंग, हाइक नावापुरती, आणि तुझ्यानंतर जॉइन झालेला पोरगा सीनियर एक्झिक्युटिव्ह झाला. राग येणारच. "ताई, पेपर टाकू का?" असं विचारलंयस, त्याचं उत्तर देते, पण शेवटी. आधी बाकीचं ऐक.

तुझं काम कच्चं नाहीये. एकाच लाइनमधले आपण, क्लिअरिंगमध्येच, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्यातच, माझंही आयुष्य गेलं, त्यामुळे इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनला बसलेला माणूस दिवसभर काय करतो ते तू मला समजवायची गरज नाही. प्रॉब्लेम असा आहे की तुझ्या साहेबाला ते माहीत नाही. म्हणजे तू कामावर येतोस, बीई (बिल ऑफ एंट्री, आयात मालासाठी कस्टम्सला द्यायचा कागद) फाइल होतात, माल सुटतो एवढं त्याला दिसतं, पण त्या मधे तू काय काय अडवलंस, काय निस्तरलंस हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आपल्या घरांमधून हेच शिकवलेलं असतं ना, आपण बरं आणि आपलं काम बरं, स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. कौतुक कर असं मी पण म्हणत नाहीये. कळव एवढंच म्हणतेय.

तूच मागे सांगितलेला किस्सा घे. पार्टीने, म्हणजे माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाने, पाठवलेल्या पॅकिंग लिस्टवर ग्रॉस वेट एक आणि बीएलवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) वेगळं, तुझ्या नजरेला पडलं, तू पार्टीला फोन केलास, त्यांच्याकडून संध्याकाळपर्यंत करेक्टेड कॉपी मागवलीस आणि बीई वेळेत गेलं. झालं, विषय संपला. कोणाला सांगितलंस? कोणालाच नाही. आता हेच जर राहिलं असतं तर काय झालं असतं ते तुला पाठ आहे: जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बीई गेलं नाही की लेट फाइलिंगचे पहिले तीन दिवस रोजचे ५,००० रुपये आणि त्यापुढे रोजचे १०,०००, वर कंटेनरचे फ्री डेज संपले की शिपिंग लाइनचं डिटेन्शन म्हणजे कंटेनर अडकवल्याचे पैसे, माल ठेवतात त्या सीएफएस यार्डचं भाडं वेगळं, आणि पार्टीचा आरडाओरडा तो फुकट. हे सगळं तू एका फोनमधे वाचवलंस आणि गप्प बसलास. घरात गॅसचा सिलिंडर संपायच्या आत दुसरा आलेला असला की तो कोणी बुक केला हे कोणी विचारतं का? आपल्या कामाचं तसंच आहे रे, नीट झालं की दिसत नाही, फक्त चुकलं की दिसतं.

मग काय करायचं? त्याच दिवशी दोन ओळींची मेल. साहेबाला. पार्टीला सीसीत ठेवायची गरज नाही. अमुक शिपमेंटमधे बीएल आणि पॅकिंग लिस्टचं वेट जुळत नव्हतं, पार्टीकडून करेक्टेड कॉपी घेऊन आज बीई फाइल केलं, या पार्टीचं हे दुसऱ्यांदा होतंय तर पुढच्या वेळी ड्राफ्ट बीएल आधीच मागवून घेऊ का? बस. यात "मी किती हुशार" कुठेच नाही, पण वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात, याने पकडलं, याने निस्तरलं, आणि पुढचाही विचार याच्या डोक्यात आहे. शेवटचा तो प्रश्न महत्त्वाचा आहे, तो गाळू नकोस. साहेब लोकांना प्रॉब्लेम सांगणारे खूप भेटतात, पुढचं बोलणारा क्वचित.

आणि रोज उठून असल्या मेली टाकू नकोस हां, नाहीतर लोक वाचायचे बंद होतील. खरंच काहीतरी वाचवलं, अडलं, सुटलं तरच.

दुसरं, एक शीट बनव. साधी एक्सेल, चार कॉलम: तारीख, जॉब नंबर, काय झालं, किती पैसे किंवा किती दिवस वाचले. शुक्रवारी निघायच्या आधी पाच मिनिटं, आठवड्यात काही नसेल तर काहीच लिहू नकोस. पार्टीची कागदपत्रं मात्र त्यात चिकटवू नकोस आणि स्वतःच्या जीमेलला पाठवू नकोस, ते नसतं लफडं होतं. मार्चमधे सेल्फ अप्रेझलचा फॉर्म येतो तेव्हा आपण सगळे काय करतो, शेवटच्या दिवशी आठवत बसतो आणि "हँडल्ड इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन इंडिपेंडंटली" असलं काहीतरी लिहून मोकळे. अरे ते तर तुझ्या ऑफर लेटरमधेच लिहिलंय! साहेबाच्या पण डोक्यात फेब्रुवारी-मार्चचंच असतं, तू गेल्या पावसाळ्यात पोर्टवर पाणी भरलं असताना काय धावपळ केलीस ते त्याला आठवत नाही, आणि तो वाईट आहे म्हणून नाही, त्याच्या हाताखाली अजून डझनभर लोक आहेत म्हणून. शीट असली की तू तारखेसकट लिहिशील.

आता जे मी सगळ्यात जास्त पोरांमधे बघते ते. वाईट बातमी उशिरा सांगणं. कस्टम्सची क्वेरी लागलीये, पार्टी उत्तर देत नाहीये, आपण वाट बघतोय, साहेबाने विचारलं की "हो सर, होऊन जाईल". मग संध्याकाळी पार्टी थेट साहेबालाच फोन करते आणि साहेब तोंडावर पडतो. एकदा असं झालं की तो माणूस तुझ्या प्रत्येक कामाला तीनदा विचारणार, आणि ज्याला तीनदा विचारावं लागतं त्याला कोणी मोठं अकाउंट देत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नसतो पण प्रमोशन त्याच्यावरच ठरतं बघ: याला काम दिलं तर मला याच्या मागे लागावं लागेल का. बाकी डिग्री, इंग्लिश, किती वाजेपर्यंत बसतो, हे सगळं नंतर. म्हणून दुपारी बारालाच कळव, क्वेरी आलीये, पार्टीला मेल आणि फोन दोन्ही केलंय, चारपर्यंत नाही आलं तर तुम्ही त्यांच्या मॅनेजरशी बोलाल का. साहेब चिडेल कदाचित. चिडू दे. बाराला चिडलेला साहेब सहाच्या चिडलेल्या साहेबापेक्षा कधीही परवडला.

लिहिण्यावर मी एवढं का अडून बसलेय ते पण सांगते. आमच्या वेळी जो माणूस कस्टम हाउसमधे जाऊन ऑफिसरसमोर उभं राहून समजावू शकायचा तो मोठा व्हायचा, ओळखी, बोलणं, दोन तास बाकावर बसायची तयारी. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आलं, म्हणजे समोरासमोर न भेटता ड्युटी ठरवणं, आता तुझं बीई न्हावा शेवाचं आणि असेस करणारा ऑफिसर चेन्नईला बसलेला असू शकतो. त्याला तू दिसत नाहीस, तुझं बोलणं ऐकू येत नाही, फक्त आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, तू क्वेरीला दिलेलं उत्तर दिसतं. मशीनचा कॅटलॉग जोडून, हा माल टॅरिफच्या (ड्युटीच्या यादीच्या) या हेडिंगखाली का येतो ते चार स्वच्छ वाक्यात लिहिता आलं की माल लवकर सुटतो, नाही आलं की क्वेरीवर क्वेरी. तुझ्या ऑफिसमधे असं लिहिणारे किती आहेत? एक किंवा दोन असतील. त्यातला एक तू हो. जुन्या क्वेऱ्या आणि त्यांची उत्तरं काढ, कुठल्या उत्तराला लगेच असेसमेंट झालं आणि कुठल्याला परत क्वेरी आली ते बघ, यासारखा क्लास पैसे भरून पण मिळणार नाही.

आणि इंग्लिशचं म्हणशील तर, क्लायंट कॉलवर तू म्यूट करून बसतोस ना, ते सोड आता. ॲक्सेंटची कोणाला पडलेली नाही. कॉलच्या आधी एक वाक्य लिहून ठेव, आपल्या शिपमेंटचं स्टेटस, आणि पहिल्या पाच मिनिटातच बोलून टाक. जेवढा वेळ गप्प बसशील तेवढं तोंड उघडणं जड जातं.

जी कार्डचं, परीक्षा पास झाल्यावर मिळणाऱ्या कस्टम्सच्या कार्डाचं, काय झालं? मागच्या वर्षी पण "देतो परीक्षा" म्हणालेलास. परीक्षा न दिलेल्यांच्या एच कार्डवर किती वर्षं काढणार आहेस? कस्टम्सची परीक्षा पास झालास की जी कार्ड हातात, पुढे स्वतःचं लायसन्स काढायचं मनात आलं तर एफ कार्डची लेखी आणि तोंडी आहेच. रेटिंग साहेबाच्या हातात असतं, ही परीक्षा तुझ्या हातात आहे. डोंबिवली ते घाटकोपर उभ्याने अभ्यास होत नाही हे मान्य, पण घरी आल्यावर जो तासभर रील्स बघत पडलेला असतोस तो आहे की. टॅरिफचा एक चॅप्टर, त्याच्या नोट्स, तुमच्याकडे येणाऱ्या मालाचाच धर म्हणजे डोक्यात राहील.

लेट जाण्याबद्दल मी लेक्चर देणार नाही. ठाण्यापर्यंत गाडी १८५३ पासून येतेय, "ट्रेन लेट" हे कारणही तेवढंच जुनं असणार. फक्त प्लॅटफॉर्मवर असतानाच मेसेज टाक आणि त्यात गाडीचं रडगाणं नको, सकाळच्या कुठल्या जॉबला कोणी हात लावायचा ते लिही.

ऑफिसातल्या माणसांबद्दल एकच. सीएफएसला उभा असणारा तुमचा फील्डचा पोरगा, डीओ (माल ताब्यात घ्यायची डिलिव्हरी ऑर्डर) आणायला धावणारा, अकाउंट्समधल्या मॅडम, यांच्याशी नीट वाग, आणि नीट म्हणजे गोड बोलणं नाही. त्यांना अर्धवट कागद पाठवू नकोस. फील्डवाल्याला कंटेनर नंबर चुकीचा गेला तर तो उन्हात यार्डभर फिरतो, तू एसीत बसलेला असतोस. त्याने तुझं नाव चांगलं घेतलं तर ते वरपर्यंत जातं, वाईट घेतलं तर त्याहून लवकर जातं. टपरीवरच्या चहाला जा, साहेबाच्या निंदेला मान डोलवू नकोस, बाकी काही नाही.

आता पैशाचं. लेटर हातात पडल्यावर भांडून काही मिळत नाही, तोपर्यंत आकडे लॉक झालेले असतात. बोलायचं ते जानेवारीत. साहेबाकडे वीस मिनिटं माग, शीटमधल्या पाच-सहा गोष्टी घेऊन जा, आणि सरळ विचार, सीनियर व्हायला माझ्यात काय कमी आहे आणि ते मार्चपर्यंत कसं भरून काढू. मग गप्प बस. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही, आपणच लगेच "नाही म्हणजे तसं काही नाही सर" करून उठतो. तो जे सांगेल ते घरी न्यायच्या आधी त्याला मेलवर लिहून पाठव, आज आपलं असं बोलणं झालं म्हणून. घरी ईएमआय आहे, बाबांचं ऑपरेशन झालं, हे सगळं खरं असलं तरी तिथे काढू नकोस, त्याने पगार वाढत नाही, फारतर ॲडव्हान्स मिळतो. आणि दुसऱ्या कंपनीची ऑफर तोंडावर फेकायची असेल तर खरोखर जायची तयारी असेल तरच फेक.

तर पेपर टाकायचे का? माझं मत विचारशील तर आत्ता नाही. जो पोरगा पुढे गेला त्याच्याबद्दल तूच लिहिलंयस, "तो सारखा मेल टाकत असतो". मग ते तू करून बघितलेलंच नाहीस आणि तसाच दुसरीकडे गेलास तर तिथे पण दोन वर्षांनी हेच रेटिंग घेऊन मला मेसेज करशील. एक अख्खं वर्ष हे करून बघ. त्यानंतरही साहेबाने तेच दिलं तर मग खुशाल जा, तुला शिवडीपासून सहारपर्यंत कोणीही घेईल, आणि तेव्हा ती शीटच तुझा सीव्ही असेल.

अजून एक, हा हिशोब तू केलेला दिसत नाही. तुला तिथे पाच वर्षं व्हायला आता थोडेच महिने उरलेत ना? पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे साधारण पंधरा दिवसांचा पगार. रागात तीन महिने आधी निघून ते कशाला सोडतोस. आणि कधीही गेलास तरी पीएफ काढून बाइक घेऊ नकोस, यूएएन (पीएफचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर कर, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो आणि पेन्शनचे पैसेही सोबत काढलेस तर पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते ती पण तुटते.

अप्रेझल लेटरचा फोटो पाठव, दोन्ही पानांचा. हाइक कमी कमी म्हणतोयस पण बेसिक किती वाढवलंय आणि अलाउन्समधे किती ढकललंय ते मला बघायचंय. आणि जी कार्डच्या परीक्षेची नोटीस तुमच्या ऑफिसमधे कोणाकडे येते ते उद्या गेल्या गेल्या विचारून घे.