लास वेगासला नवीन ट्रॅकवर झाकण उडून फेरारी कशी काय फुटली?

ते झाकण गटाराचं नव्हतं, पाण्याच्या व्हॉल्व्हचं होतं. नोव्हेंबर 2023, लास वेगासच्या या ट्रॅकवरची पहिलीच फॉर्म्युला वन (F1) रेस, शहरातल्या रस्त्यांवरच आखलेला 6.2 किमीचा नवा स्ट्रीट सर्किट, आणि पहिली प्रॅक्टिस जेमतेम 8 मिनिटं चालली तोच ड्रायव्हर कार्लोस साइन्झची फेरारी त्यावर आपटली.

आता कारण बघा. F1 गाडीचा तळ जमिनीपासून अगदी थोडाच वर असतो आणि त्याच्याखालून हवा इतक्या जोरात जाते की खाली दाब कमी होऊन गाडी रस्त्याला चिकटते, पण तीच ओढ खालच्या झाकणालाही वर खेचते ना! म्हणून शहरातल्या ट्रॅकवर झाकणं वेल्डिंग करून टाकतात. इथे झाकणाभोवतीची काँक्रीटची चौकटच निखळली. 2019 ला अझरबैजानच्या बाकूमध्ये ड्रायव्हर जॉर्ज रसेलच्या विल्यम्स टीमच्या गाडीचंही असंच झालं होतं.

मग सगळी झाकणं तपासून दुसरी प्रॅक्टिस रात्री अडीचला सुरू झाली, तीही रिकाम्या स्टँडसमोर, तिकिटं काढून आलेल्यांना आधीच घरी पाठवलेलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते साइन्झचं, चूक त्याची काडीचीही नाही आणि बॅटरी बदलावी लागली म्हणून 10 जागांची पेनल्टी, क्वालिफायिंगला (रेस कोण कुठल्या जागेवरून सुरू करणार ते ठरवणारी फेरी) दुसरा आलेला माणूस बाराव्या जागेवरून सुटला. असल्या वेळी नियमात सूट हवीच.