पॉटलकला चॉकलेट नेतोयस ना, मग आधी हे वाच

अरे,

काल रात्री तुझा मेसेज बघितला. तीन फोटो आणि खाली "मावशी, यातलं सोपं कुठलं?" फोटो बघून हसायलाच आलं मला. एक तीन मजली केक, एक इवल्या ग्लासांतलं मूस आणि एक तो लाव्हा केक, चमचा घातला की आतून चॉकलेट वाहतं तो. खरं सांगू का, तिन्ही नको. फोनवर एवढं टाइप करायचा कंटाळा म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलंय, चहा घेऊन वाच.

त्याचं काय आहे, घरी डेझर्ट करणं वेगळं आणि पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेणं वेगळं. घरी ओव्हनमधून निघालं की दोन मिनिटांत बशीत. तिकडे तुझा पदार्थ आधी प्रवास करणार, मग कुणाच्या तरी ओट्यावर ताटकळत बसणार, मग सगळ्यांचं जेवण होणार, गप्पा होणार, आणि शेवटी कुणीतरी भलताच माणूस तो हातात येईल त्या चमच्याने उकरणार. लाव्हा केक एवढा वेळ थांबतच नाही, स्वतःच्याच गरमीने आतून शिजत राहतो, पोचेपर्यंत त्याचा नुसता केक झालेला असतो. मूसमध्ये बऱ्याचदा कच्ची अंडी असतात, ती घेऊन गावभर फिरायचं नाही. आणि तीन मजली केकचं म्हणशील तर मी नेलाय एकदा. अख्खा रस्ता डबा मांडीवर धरून बसले होते, श्वाससुद्धा जपून घेत होते, आणि एका वळणावर वरचा मजला जो सरकला... उतरून झाकण उघडलं तर केक डब्याच्या कडेला टेकून उभा, जणू थकलाय. चवीला काही झालं नव्हतं, पण सगळ्यांनी "अरेरे" म्हणत खाल्ला, ते मला जास्त लागलं.

तर माझं ऐकशील तर चॉकलेट टार्ट कर. खाली बिस्किटांचा थर, वर गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, बास. ओव्हन नको, अंडं नको, आदल्या रात्री होतो आणि टिनमध्येच जातो. गोल टिन घेऊ नकोस, त्रिकोणी तुकडे फार मोठे पडतात. 20 सेंटिमीटरचा चौकोनी घे, माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. आत बटर पेपर असा घाल की दोन बाजूंनी वर लोंबेल, नंतर त्यालाच धरून सगळं अलगद उचलता येतं.

200 ग्रॅम साधी बिस्किटं बारीक चुरायची, त्यात 90 ग्रॅम वितळलेलं बटर, आणि वाटीच्या बुडाने नीट दाबून बसवायचं, कोपरे विसरू नकोस, सगळ्यात आधी तेच ढासळतात. अर्धा तास फ्रिजमध्ये. वरच्या थराला 300 ग्रॅम डार्क चॉकलेट, 250 मिली क्रीम, 30 ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ. हे सगळं वजनकाट्यावर मोज, "अंदाजे एक कप चॉकलेट" या भानगडीत पडू नकोस, कारण तुकडे कसे चिरलेत त्यावर कपाचं वजन बदलतं.

चॉकलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाच, पुढची नाही. घटकांमध्ये कोको बटर लिहिलेलं हवं. त्याच्याऐवजी दुसरीच कसली वनस्पती चरबी असेल तर ते कंपाऊंड. सेट तेही होतं, पण खाताना जिभेवर मेणासारखा थर बसतो. कोको बटर साधारण 34 अंशाला वितळतं आणि आपलं तोंड त्याच्यापेक्षा थोडंसंच गरम, म्हणून खरं चॉकलेट तोंडात ठेवलं की विरघळतं, सगळी मजा तिथेच आहे. कोकोचे टक्के 55 ते 60 मधले घे. 80 टक्केवालं घेऊन भाव खायचा मोह होईल, पण तेवढं कडू सगळ्यांना झेपत नाही आणि त्याचं गनाश फुटतंही पटकन. मिल्क चॉकलेटच हवं असेल तर क्रीम 150 मिलीवर आण, नाहीतर ते घट्टच होणार नाही. क्रीम साधारण 35 टक्के फॅटचं घे, त्याहून हलक्याचं गनाश मऊ राहतं.

आता मेन गोष्ट, इथे घाई केलीस की संपलं. चॉकलेट बारीक चिर, नखापेक्षा लहान. जाडे तुकडे शेवटपर्यंत वितळत नाहीत आणि मग तू परत गरम करायला जाशील, तिथून पुढे सगळं बिघडत जातं. क्रीम मंद आचेवर ठेव, भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की बंद, खळखळ उकळू द्यायचं नाही. चॉकलेटवर ओत आणि दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहा. मग स्पॅच्युला बरोबर मध्यभागी ठेव आणि छोटे छोटे गोल फिरव, फक्त मध्यातच. आधी दिसेल ते गढूळ दूध, त्यात तपकिरी कण तरंगतायत, तुला वाटेल झालं, वाया गेलं. फिरवत राहा. थोड्या वेळाने मध्ये रुपयाएवढा एक काळा चकचकीत डाग दिसायला लागतो, तो हळूहळू वाढत जातो, मग तूही गोल वाढव, आणि बघता बघता अख्खं भांडं आरशासारखं होतं. इतकी वर्षं करतेय पण तो काळा डाग दिसला की मला अजून बरं वाटतं. मग बटर आणि मीठ. व्हिस्कने फेटू नकोस, हवा शिरते आणि वर फोड येतात. क्रीम गरम करतानाच त्यात अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी टाकलीस तर कॉफीची चव कळत नाही, चॉकलेट मात्र जास्त चॉकलेटी लागतं. कुणाला सांगू नकोस, विचारू देत.

समजा फुटलंच, म्हणजे रवाळ दिसायला लागलं आणि कडेने तेल सुटलं, तर फेकून देऊ नकोस. कोमट दूध एकेक चमचा घालत मध्यातूनच ढवळ, बहुतेक वेळा दोन-तीन चमच्यांत जुळून येतं.

सजावटीसाठी नुसतं चॉकलेट वितळवायची हौस आली तर मात्र पाण्यापासून सांभाळ. मी सुरुवातीला उकळत्या पाण्यावर बाऊल ठेवून वितळवत होते, बाऊल होता लहान, कडेने वाफ आत गेली असणार, बघते तर चॉकलेटचा ओल्या मातीसारखा गोळा! चमचा उभा राहत होता त्यात. होतं असं की थोडंसंच पाणी गेलं की साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण ते ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. गंमत म्हणजे त्यावर उपाय अजून पातळ काहीतरी घालणं हाच, दोन थेंबांनी बिघडतं आणि पाव कपाने सुधारतं, फक्त त्याची मग सजावट होत नाही. त्या दिवशी मी त्यात गरम दूध ओतलं आणि आम्ही ते पिऊन टाकलं.

गनाश टिनमध्ये ओतलं की टिन ओट्यावर दोनदा आपट, हवा निघून जाते. पूर्ण गार होईपर्यंत झाकू नकोस, झाकणाला वाफ धरते आणि थेंब वर पडून डाग पडतात. गार झाल्यावर मात्र घट्ट झाक, कारण चॉकलेट फ्रिजमधला प्रत्येक वास ओढून घेतं. रात्रभर राहू दे. सकाळी घरीच काप, तिकडे कापायला ठेवू नकोस. सुरी गरम पाण्यात बुडव, कोरडी पूस, एक काप, परत बुडव, परत पूस. कंटाळवाणं आहे, माहितीये, पण कडा त्यानेच धारदार येतात. पाच गुणिले पाच, 25 तुकडे. लहान वाटतील, वाटू देत. पोटभर जेवून आलेल्या माणसाला मोठा तुकडा बघून धडकीच भरते, लहान असला की तो दोनदा उचलतो.

तुकडे पेपरसकट परत टिनमध्ये ठेव आणि पोचल्या पोचल्या त्यांच्या फ्रिजमध्ये जागा माग, लाजू नकोस. खायच्या वीसेक मिनिटं आधी बाहेर काढ, फार गार असलं की चव दबते. पण क्रीम आहे त्यात, दोन तासांहून जास्त बाहेर नको. आणि त्या घरी कुत्रा असेल तर टिन खालच्या टेबलावर ठेवू नकोस, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं आणि डार्क तर जास्तच.

ग्रुपवर आधीच विचारून ठेव, कुणाला नट्स, गहू, दूध असलं काही चालत नाही का. पाकिटांचे फोटो फोनमध्ये असू देत, चॉकलेटवर बरेचदा नट्सचा अंश असू शकतो असं छापलेलं असतं. दूधच न चालणारं कुणी निघालं तर एर्वे तिस नावाच्या फ्रेंच केमिस्टची एक भन्नाट आयडिया आहे: 225 ग्रॅम बिनदुधाचं डार्क चॉकलेट 200 मिली पाण्यात वितळवायचं, बाऊल बर्फात ठेवायचा आणि फेटायचं, क्रीमसारखं फुलून येतं. फार फेटून घट्ट झालं तर परत वितळवून परत फेटायचं, चुकायला जागाच नाही. आत्ताच तर म्हटलं पाणी सांभाळ, हो, पण हे भरपूर पाणी आहे, दोन थेंब नाहीत. हे एखाद्या छोट्या डब्यात वेगळं ने.

या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी वाटीत ट्रायल घे, 100 ग्रॅम चॉकलेट आणि 80 मिली क्रीम, तो काळा डाग एकदा बघून ठेव म्हणजे त्या रात्री घाबरणार नाहीस. टिन शनिवारी सकाळी न्यायला ये, मी घरीच आहे. आणि त्याच्या बुडाला नाव लिहिलेली चिकटपट्टी लाव बाबा, पॉटलकला गेलेले माझे दोन टिन अजून परत आलेले नाहीत.

मावशी