ठेवणीतलं: पैठणी कापू का?

या महिन्याची पत्रं वाचताना सगळ्यांनी एकच कपाट उघडलंय असं वाटत राहिलं. कुणाच्या आजीचं, कुणाच्या आईचं, कुणाच्या सासूबाईंचं. सदर पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी मूळची येवल्याची. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या घरांतून मागाची खटखट ऐकतच मोठी झाले. गेली 31 वर्षं पुण्यात जुन्या रेशमी साड्यांची दुरुस्ती करते. रफू करते, काठ बदलते, विरलेल्या साडीचा पदर नव्या अंगावर चढवते.

आजीची पैठणी आता माझ्याकडे आली आहे, 1950च्या आसपासची असावी. उलगडली तर घडीवर दोन ठिकाणी चिरलेली. शिंपी म्हणतात, जॅकेट आणि दोन ब्लाउज निघतील. साडीची जर विकत घेणारे म्हणतात, ती जाळून चांदीचे पैसे देतो. काय करू?
*– एक वाचक, सांगली*

आधी त्या दोघांनाही थांबायला सांगा. मग पलंगावर पांढरी सुती चादर पसरून त्यावर साडी पूर्ण उलगडा. हातात उभी धरू नका. जरीच्या पदराचं वजन खाली ओढतं आणि चीर हातभर वाढते. असं झालेलं मी कितीदा पाहिलंय.

चीर घडीवर आहे असं तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. ही साडी नेसून फाटलेली नाही, न नेसता फाटली आहे. एकाच रेषेवर वीस-तीस वर्षं दुमडून राहिलेलं रेशीम त्या रेषेवर मोडतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक पैठण्या अशाच असतात. दरवर्षी नेसलेल्या साडीचा निऱ्यांचा घेर झिजतो, पण तिचं अंग जिवंत राहतं.

आता चिरेच्या कडेचा एक सुटा धागा चिमटीत धरून हलकेच ओढा. ताणला गेला तर रेशमात जीव आहे. मग मागून त्याच रंगाची बारीक रेशमी जाळी लावून एकपदरी रेशमी धाग्याने चीर बसवता येते. इस्त्रीने चिकटणारं अस्तर कुणालाही लावू देऊ नका, ते पुन्हा निघत नाही आणि कापड पत्र्यासारखं ताठ होतं. धागा बोटांत पिठासारखा विरला, तर अंग गेलं असं समजा. तरीही काठ आणि पदर बहुधा शाबूत असतात, कारण तिथे जर असते. ते सोडवून नव्या रेशमी अंगावर चढवायचे. नीट हाताला महिनाभर लागतो. जॅकेटचा विचार मी फक्त एकाच वेळी करीन: अंग गेलेलं आहे आणि पदरही तुकड्यातुकड्यांत उरला आहे तेव्हा.

एक काम आजच करा. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मोर, कमळ, असावली म्हणजे फुलांची वेल, जे काही असेल ते मागूनही तितकंच स्वच्छ दिसतं. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीने त्या त्या जागेपुरता विणलेला असतो, म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत. काठाचा आणि अंगाचा धागाही एकमेकांत अडकवत नेलेला असतो. नुसत्या पदरालाच महिना-दीड महिना जातो, नक्षी भरगच्च असेल तर कित्येक महिने. ती चांदी जाळून जे पैसे हातात येतील, त्यात या कामाचा एक दिवसही धरलेला नसतो.

जरीचा रंग काळपट झाला असेल तर घाबरू नका. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, तेच हे. लिंबू, दंतमंजन, चिंच यांतलं काहीही लावू नका. साडी मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. डांबरगोळ्या नकोत. वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून कापडाला लागणार नाही असा कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. दर तीन महिन्यांनी घडी बदला. आणि दुरुस्त झाली की वर्षातून एकदा तरी नेसा. दोन तास पुरेत. उतरवल्यावर सावलीत वारा द्या आणि मगच घडी घाला.

सासूबाईंनी दिलेली मोत्याची नथ पिवळसर दिसते. पेढीवर विचारलं तर म्हणाले, मोती जुने झालेत, सोन्याचं वजन धरून नवी घ्या. माझं नाक टोचलेलं नाही, म्हणून मोह होतोय.
*– एक वाचक, नाशिक*

बदलू नका. कळकळीने सांगते, कारण मी स्वतः ही चूक केली आहे. 1987 साली आईची चिंचपेटी एका पेढीवर मोडून मी बांगड्या केल्या. मोती ‘बारीक आणि मळके’ म्हणून वजनातून वजा झाले, फक्त सोन्याचे पैसे मिळाले. ते मोती परत मागायचंही मला सुचलं नाही. आज त्या बांगड्या हातात आहेत, पण आईच्या गळ्याशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही.

आपल्याकडच्या जुन्या नथींत बसरा मोती असायचे. हे आखाताच्या समुद्रातले नैसर्गिक मोती, इराकमधल्या बसरा बंदराच्या नावाने ओळखले जाणारे. जपानी संवर्धित मोती बाजारात भरभरून आले आणि 1930च्या दशकात आखातातला तो धंदा बसला. तुमच्या नथीतले मोती तेच आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी कुणी सांगू शकत नाही, मी तर नाहीच. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी पाहिलं की मोत्याच्या पोटात घातलेला मणी आहे का ते कळतं. आधी तिथे जा. पेढीवर नंतर.

पिवळटपणा आपोआप दोष ठरत नाही. सायीसारखा, किंचित गुलाबी झाक असलेला रंग जुन्या मोत्यांचा स्वतःचाच असतो. मळ असेल तर मऊ ओल्या कापडाने पुसून सावलीत वाळवा. मोती मुळात चुन्याचा असतो, त्यामुळे घाम, अत्तर, केसांचा फवारा, लिंबू हे सगळे त्याचे वैरी. साजशृंगार पूर्ण झाल्यावर नथ सगळ्यांत शेवटी घालायची आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढायची.

नाक टोचलेलं नसेल तर चांगला कारागीर त्याच मोत्यांना चापाची तार करून देतो. मोती त्याच्या हाती देण्याआधी मोजा, फोटो काढा आणि तार ओवताना समोर बसा.

पहिल्या पगारातून एक भारी चामडी सँडल घ्यायचं ठरवलंय. मित्र म्हणतात इटालियन घे. वडील म्हणतात कोल्हापुरी घे. तुमचं मत?
*– वय 26, पिंपरी*

तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? वडिलांचं ऐक, पण त्यांच्यासाठी नाही, चामड्यासाठी.

जून 2025मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन सप्ताहात प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. इथे ओरड झाल्यावर कंपनीने मान्य केलं की प्रेरणा तिथलीच. त्या दिवसांत मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. कोल्हापुरीला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे.

घेताना वास घे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याला मातकट, किंचित तुरट वास असतो. रसायनाचा उग्र दर्प आला तर पुढच्या दुकानात जा. शिवण चामड्याच्याच वादीची हवी. खिळा दिसला तर खाली ठेव. पहिले आठ दिवस घरातच घाल. पट्ट्याला आतून थोडं एरंडेल लाव. पावसात अजिबात नको. पावलाचा ठसा तळव्यावर उमटला की ती तुझी झाली.

जीन्स, पांढरा रेशमी शर्ट आणि गळ्यात आजीची ठुशी असं घालून ऑफिसला जाते. घरातल्या मोठ्यांना हे विटंबना वाटतं. तुम्हाला काय वाटतं?
*– एक वाचक, बंगळूर*

मला आनंद वाटतो. घरातल्यांना इंदिराराजेंची गोष्ट सांगा.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची ही मुलगी, जन्म 1892चा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न त्यांनी स्वतः पत्र लिहून मोडलं आणि 1913मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. तिशीत वैधव्य आलं. त्यानंतर त्यांनी फ्रेंच शिफॉनच्या साड्या अशा काही नेसल्या की पुढे सगळ्या हिंदुस्थानातल्या श्रीमंत घरांत शिफॉन आला. फ्लॉरेन्सच्या साल्व्हातोरे फेरागामोंकडे त्यांनी शंभर जोड बुटांची मागणी केली होती, आणि त्यांतल्या काहींवर जडवायला आपले मोती-हिरे पाठवले होते. इटलीच्या बुटांवर घरचे मोती! या बाईंना ‘आपलं’ आणि ‘परकं’ यांत निवड करावीच लागली नाही, कारण आपलं काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुमच्या ठुशीची फक्त एक काळजी घ्या. मागचा गोंडा रेशमी दोऱ्याचा असेल तर घामाने तो कुजतो. वर्षातून एकदा बदला. ऑफिसात ठुशी तुटून मणी विखुरले तर मला पत्र लिहून उपयोग नाही.

दुसऱ्यांना सल्ला देता. तुम्ही स्वतः महागाचं काय घेता?
*– एक वाचक, ठाणे*

फार थोडं. तीन वस्तू सांगते.

एक, विदर्भातली करवतकाठी. टसरचं अंग आणि करवतीच्या दात्यांसारखा काठ. पैठणीच्या नावापुढे तिला कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्यातल्या लग्नाला तिच्याइतकी शहाणी साडी नाही.

दोन, अत्तर. कनौजचं हिना आणि मोगरा. तांब्याच्या डेगेत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, अजूनही. माझे आजोबा कानात फाया ठेवत. मीही ठेवते. गर्लॉं या फ्रेंच कंपनीचं शालिमार भाच्याने आणून दिलं, 1925पासूनचं, नाव आपल्याकडच्याच बागेचं. सुंदर आहे, पण संध्याकाळी चारला तो वास माझा वाटत नाही, हिनाचा मात्र माझा वाटतो. रेशमावर मात्र दोन्ही नकोत.

तीन, हर्मेस या फ्रेंच कंपनीचा एक रेशमी रुमाल, 90 सेंटिमीटरचा चौरस. ते 1937पासून हे करतात. साठाव्या वाढदिवसाला स्वतःच्या पैशांनी घेतला. दुकानात मी आधी चित्र पाहिलंच नाही, कड पाहिली. हाताने वळून बारीक टाक्यांनी शिवलेली, फुगीर, कुठेही चपटी न केलेली. हे करणाऱ्या बाईची पाठ कशी दुखत असेल ते मला कळतं. मी तो रुमाल आठवड्यातून दोनदा वापरते.

आईची एकच पैठणी आणि आम्ही दोघी बहिणी. भांडण नाही, पण दोघींनाही हवी आहे. अर्धी अर्धी करावी का?
*– दोघी, डोंबिवली आणि न्यू जर्सी*

नाही, अर्धी मुळीच नको.

आमच्याकडे आईची पोपटी पैठणी आहे, कुसुंबी काठाची. तिच्या 1956च्या लग्नातली. आम्ही तिघी. आई गेल्यावर धाकटीने सुचवलं ते आम्ही पाळतो: संक्रांत ते संक्रांत एकीकडे. जिच्याकडे असेल तिने वर्षात एकदा तरी नेसायची, दर तीन महिन्यांनी घडी बदलायची आणि पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर दुसरीच्या हातात द्यायची. न्यू जर्सीला नेताना सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत मलमलीत गुंडाळून न्या. तिकडे कोरड्या थंडीत हीटरच्या झोताजवळ ठेवू नका.

साडीबरोबर एक लहान वही फिरते. कुणी, केव्हा, कशासाठी नेसली, आणि काय झालं. आईच्या आठवणीतलं जितकं आम्हाला माहीत होतं तितकं पहिल्या पानावर लिहून काढलं. मधल्या बहिणीने एकदा लिहिलंय: ‘मुलीच्या साखरपुड्याला. निरीवर वरणाचा थेंब. लगेच पुसला.’ त्याखाली मी तो डाग काढल्याची तारीख आहे. गेल्या वर्षीची नोंद भाचीच्या अक्षरात आहे, कारण पहिल्यांदाच ती नेसली: ‘पुण्यात, पदवीदान समारंभाला. पाऊस. छत्री पैठणीवर धरली, मी भिजले.’